ॲलर्जी आणि एमएस : नातं किती, भीती किती?

 

नेकार नदीकाठच्या द्राक्षमळ्यांना पालवी फुटायच्या आधीच आपल्याकडे शिंका सुरू होतात. जानेवारी-फेब्रुवारीत हेझल आणि अल्डर या झाडांचे परागकण, एप्रिलमध्ये बर्च, मे ते जुलै गवत, असा हा क्रम चालतो. भारतातून आलेल्या अनेकांना पहिले एक-दोन वसंत ऋतू काहीच होत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी अचानक नाक वाहायला लागतं, डोळे चुरचुरतात, आणि हाउसआर्त्स्ट, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, सांगतात की हा ‘हॉयश्नुप्फेन’ आहे. शरीराला नव्या परागकणांशी वैर धरायला काही मोसम जावे लागतात, म्हणून हा उशीर.

ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्तीचा गोंधळ, हे आता बहुतेकांना माहीत असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हाही प्रतिकारशक्तीचाच गोंधळ, हेही कानावर आलेलं असतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न उभे राहतात. ॲलर्जी असलेल्या माणसाला पुढे एमएस होतो का? घरात कुणाला एमएस असेल तर त्याने दूध, गहू, शेंगदाणे बंद करावेत का? आणि मुलीच्या डोळ्यांवर एप्रिलमध्ये अंधारी आली, तर ती ॲलर्जी समजून थांबावं का?

मी डॉक्टर नाही, माझं काम संगणकप्रणालींचं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून. उपचाराचा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण उत्तर आधीच सांगून टाकतो : ॲलर्जीमुळे एमएस होतो असा पुरावा नाही, आणि ॲलर्जी एमएसपासून वाचवते असाही नाही. तरीसुद्धा हे दोन आजार काही ठिकाणी एकमेकांच्या वाटेत येतात, आणि त्या जागा माहीत असलेल्या बऱ्या.

(संगीत)

आधी दोघांतला फरक समजून घेऊ. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. रोज येणाऱ्या दूधवाल्यालाच तो चोर समजला आणि त्याने शिट्ट्या मारून सगळी सोसायटी गोळा केली, तर ती झाली ॲलर्जी. दूधवाला निरुपद्रवी, गोंधळ मात्र खरा. शरीरात हे काम आयजीई नावाची प्रतिद्रव्यं करतात. ती मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात. परागकण आला की त्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि काही मिनिटांत शिंका, खाज, सूज सुरू होते.

आता तोच वॉचमन सोसायटीतल्या रहिवाशालाच परका समजून त्याच्या घरची वायरिंग कापायला लागला, तर तो झाला एमएस. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधल्या तंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिकचं असतं तसं. एमएसमध्ये टी आणि बी या जातीच्या पांढऱ्या पेशी या वेष्टणावर हल्ला करतात. संदेश अडखळतात. कुठली तार सोलली गेली त्यावर लक्षण ठरतं : कुणाची दृष्टी मंदावते, कुणाचा पाय जड होतो, कुणाच्या छातीभोवती घट्ट पट्टा बांधल्यासारखं वाटतं. पॅरिसच्या ज्याँ मार्तां शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नेमकं वर्णन केलं. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो.

थोडक्यात, वॉचमन एकच, पण चूक वेगळी, पेशी वेगळ्या आणि वेगही वेगळा. ॲलर्जी मिनिटांत भडकते. एमएसचा झटका तासा-दिवसांत वाढतो आणि आठवडे टिकतो.

मग या दोघांचं नातं असावं असं संशोधकांना का वाटलं? १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी दाखवलं की उंदरांमधल्या मदतनीस टी पेशींचे दोन गट असतात. एक गट ॲलर्जीच्या बाजूचा, दुसरा एमएससारख्या आजारांच्या बाजूचा, आणि एक गट वरचढ झाला की दुसरा दबतो, असं चित्र त्यातून तयार झालं. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. त्यावरून अंदाज बांधला गेला की ज्याला ॲलर्जी आहे त्याला एमएस कमी होत असणार.

अंदाज देखणा होता, पण माणसांमध्ये तो टिकला नाही. २०११ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून दमा, नाकाची ॲलर्जी आणि इसब यांचं एमएसशी नातं तपासलं गेलं, आणि सरळ किंवा उलट असं कुठलंच ठाम नातं दिसलं नाही. मुळात पारड्याची उपमाच अपुरी होती. गेल्या अर्धशतकात श्रीमंत देशांमध्ये ॲलर्जी आणि एमएस दोन्ही वाढलेले दिसतात. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जात असतं, तर असं झालं नसतं.

दोन्ही एकत्र का वाढले असावेत, याचा एक धागा आपल्या जर्मनीतच सापडतो. १९८९ साली ब्रिटनमधल्या डेव्हिड स्ट्रॅचन यांनी सतरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहून दाखवलं की ज्या मुलांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. म्युनिकच्या डॉक्टर एरिका फॉन मुटियुस यांनी पूर्वेकडच्या लाइपझिग-हाले भागातल्या आणि पश्चिमेकडच्या म्युनिकच्या मुलांची तुलना केली. कोळशाच्या धुरात वाढलेल्या पूर्वेच्या मुलांना ॲलर्जी जास्त असेल असं वाटलं होतं. निघालं उलटंच : परागकणांची ॲलर्जी पश्चिमेत जास्त होती. पुढे बव्हेरियातल्या शेतकऱ्यांच्या, गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांमध्येही ती कमी आढळली. लहानपणी जंतूंशी, जनावरांशी, भावंडांशी होणारा संपर्क प्रतिकारयंत्रणेला परका कोण आणि आपला कोण हे शिकवतो, असा त्यातून निघालेला विचार. ॲलर्जी आणि एमएस यांना जोडणारा काही समान दुवा असलाच, तर तो या शिकवणीत असण्याची शक्यता आहे. एक आजार दुसऱ्याला जन्म देतो असा त्याचा अर्थ नाही.

(संगीत)

आता खाण्याच्या ॲलर्जीकडे येऊ, कारण व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त सल्ले याच बाबतीत फिरतात.

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१८च्या अखेरीस १,३४९ एमएस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या रुग्णांमध्ये झटक्यांचं प्रमाण १.२७ पट निघालं, आणि एमआरआयवर ताजा, सक्रिय डाग दिसण्याची शक्यता दुपटीहून अधिक. ही बातमी भरपूर गाजली. पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी बातम्यांमध्ये मागे पडल्या. परागकण, धूळ किंवा औषधांची ॲलर्जी असलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. आणि अपंगत्वाच्या मोजमापावर कुठल्याच ॲलर्जीचा परिणाम आढळला नाही. शिवाय ॲलर्जी आहे की नाही हे रुग्णांनी प्रश्नावलीत स्वतः सांगितलं होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, अमेरिकेतच एमएस असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं : अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांना झटके कमी आले होते.

दोन अभ्यास विरुद्ध दिशांना बोट दाखवतात, तेव्हा त्यातल्या एकावर घरातलं स्वयंपाकघर चालवू नये. तपासणीत सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तर तो पदार्थ टाळायचाच, एमएस असो वा नसो. पण ‘एमएस आहे ना, मग पोळी बंद, दही बंद’ असं मनाने ठरवू नका. आपल्यातले अनेक जण शाकाहारी. दूध-दही तोडलं की बी-१२ मिळण्याची मुख्य वाटच बंद होते, आणि बी-१२ कमी झालं की हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं ही एमएससारखीच लक्षणं दिसू शकतात. म्हणजे एमएस सांभाळायला जाऊन नवं दुखणं अंगावर घ्यायचं.

(संगीत)

आता जो भाग परदेशातल्या मराठी घरांना सगळ्यात जवळचा आहे, तो. हा आजार ‘आपल्या लोकांना’ होतो का?

भारतात एमएस युरोपच्या मानाने विरळ, असं वैद्यकात बराच काळ शिकवलं जाई. मुंबईचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर नोशिर वाडिया यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पारशी समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा बराच जास्त असल्याचं दाखवलं. हवा-पाणी तेच, शहर तेच, तरी फरक. म्हणजे अनुवंशिकतेचा वाटा आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमधून दुसरी गोष्ट समोर आली. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांमध्ये एमएस कमी होता. पण त्यांच्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये त्याचं प्रमाण तिथल्या इतर मुलांच्या जवळपास पोचलं होतं. रक्त तेच, जागा बदलली, आणि एका पिढीत फरक पडला. म्हणजे लहानपणच्या परिसराचाही वाटा आहे.

परिसरातलं नेमकं काय? सगळ्यात भक्कम पुरावा एप्स्टाइन-बार विषाणूकडे जातो. जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकी सैन्यदलातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदी वीस वर्षं तपासल्या होत्या. त्यातल्या ९५५ जणांना सेवेत असताना एमएस झाला. हा विषाणू शरीरात शिरल्यानंतर एमएसची शक्यता ३२ पट वाढल्याचं दिसलं. आता हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांमध्ये असतोच, आणि बहुतेकांना एमएस होत नाही. म्हणजे तो एकटा पुरेसा नाही. पण वेळेचा प्रश्न आहे. भारतात बहुधा अगदी बालपणी, कुणाच्या लक्षातही न येता, हा संसर्ग होऊन जातो. युरोपात अनेकांना तो किशोरवयात होतो आणि घसा, ताप, गाठी घेऊन येतो. त्याला जर्मनीत ‘फायफरशेस ड्र्यूझेनफीबर’ म्हणतात. किशोरवयात असा आजार होऊन गेलेल्यांमध्ये एमएसची शक्यता थोडी जास्त असते. त्याशिवाय ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि किशोरवयातला लठ्ठपणा हेही धोका वाढवणारे घटक मानले जातात. हिवाळ्यात इथला सूर्य त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करायला पुरत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर आणखी ऊन लागतं. तेव्हा आपल्या मुलांच्या ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारणं योग्य.

पण आकडा लक्षात ठेवा. जर्मनीत अडीच लाखांहून अधिक लोकांना एमएस आहे. सव्वाआठ-साडेआठ कोटींच्या देशात हे साधारण तीनशे माणसांमागे एक असं प्रमाण. याउलट रॉबर्ट कॉख संस्थेच्या पाहणीप्रमाणे इथल्या जवळपास तीस टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी ॲलर्जीचं निदान झालेलं असतं. इतक्या सर्रास असणाऱ्या गोष्टीवरून इतक्या विरळ आजाराचं भाकीत होत नाही. मुलाला परागकणांची ॲलर्जी आहे म्हणून एमएसच्या तपासण्या करायला धावू नका.

(संगीत)

धावायचं कधी, ते आता सांगतो. श्रोतेहो, आजच्या भागातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

ॲलर्जीचे डोळे बहुधा दोन्ही असतात. खाज येते, पाणी येतं, पापण्या सुजतात, पण दिसतं नीट. पुसले, थेंब टाकले की बरं वाटतं. डोळ्याच्या नसेचा दाह मात्र वेगळा. एमएसच्या अनेक रुग्णांमध्ये हेच पहिलं लक्षण असतं. त्यात बहुधा एकच डोळा बाधित होतो. बुबुळ हलवलं की आत दुखतं. काही तासांत किंवा दिवसांत दृष्टी धूसर होते, आणि रंग फिके पडतात, विशेषतः लाल. घरी एक साधी गोष्ट करून पाहता येते : एक डोळा झाकून कुंकवाच्या करंड्याकडे किंवा टोमॅटोकडे पाहा, मग दुसरा झाकून पाहा. एका डोळ्याला तोच लाल रंग विटका दिसत असेल, तर परागकणांना दोष देऊन थांबू नका. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. दवाखाने बंद असतील तर ११६११७ या क्रमांकावर विचारा. दृष्टी क्षणात गेली, किंवा सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर थेट ११२.

तसंच एका हाताचा, पायाचा किंवा अंगाच्या एका बाजूचा बधिरपणा चोवीस तासांहून जास्त टिकला, तर हाउसआर्त्स्टकडून मेंदूविकारतज्ज्ञाची युबरवाइझुंग, म्हणजे शिफारस चिठ्ठी घ्या. सोबत बी-१२ची तपासणी मागा. एमएसवर आता चांगली औषधं आहेत, आणि ती लवकर सुरू झाली तर पुढचं बरंच नुकसान टळतं.

आता ज्यांच्या घरी एमएस आहे त्यांच्यासाठी औषधांविषयी चार गोष्टी.

पहिली गोष्ट गमतीची. २००७-०८च्या सुमारास युरोपात नव्या सोफ्यांवर बसणाऱ्यांच्या पाठीवर, मांड्यांवर भयंकर पुरळ उठायला लागलं. बुरशी लागू नये म्हणून सोफ्यात ठेवलेल्या पुड्यांमध्ये डायमिथाइल फ्युमरेट होतं, आणि ते जबरदस्त ॲलर्जी करणारं निघालं. युरोपीय संघाने २००९ साली अशा वस्तूंवर बंदी घातली. त्याच डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूलला २०१४ साली युरोपात एमएसचं औषध म्हणून मान्यता मिळाली. जर्मनीत सोरायसिससाठी ते त्याआधीपासून वापरात होतं. कातडीला लागलं तर ॲलर्जी, पोटात योग्य मात्रेत गेलं तर उपचार. या कॅप्सूलनंतर अनेकांचा चेहरा लाल होतो, गरम वाटतं. तो बहुधा औषधाचा अपेक्षित परिणाम असतो, ॲलर्जी नव्हे. पण श्वास अडकला, ओठ सुजले, तर ती आणीबाणी समजा.

दुसरी गोष्ट ॲलर्जीच्या गोळीची. क्लेमास्टिन नावाची जुनी ॲलर्जीविरोधी गोळी मायलिन पुन्हा तयार व्हायला मदत करते का, हे कॅलिफोर्नियात ५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत डोळ्याच्या नसेतून संदेश किंचित वेगाने जाताना दिसले. आशा वाढली. पण नंतरच्या एका प्रयोगात क्लेमास्टिन घेणाऱ्या काही रुग्णांचं अपंगत्व झपाट्याने वाढलं आणि तो गट थांबवावा लागला. तेव्हा इंटरनेटवर वाचून ही गोळी एमएससाठी घेऊ नका.

तिसरी गोष्ट ॲलर्जीवरच्या लसीची. परागकणांची सवय लावणाऱ्या इंजेक्शनांच्या किंवा थेंबांच्या उपचाराला इथे ‘डेझेन्सिबिलिझीरुंग’ म्हणतात. एमएस असेल तर हा उपचार द्यावा की नाही हे आजार किती सक्रिय आहे ते पाहून ठरवावं लागतं. म्हणून ॲलर्जीच्या डॉक्टरांना एमएसविषयी आणि एमएसच्या डॉक्टरांना ॲलर्जीविषयी आपणच सांगायचं. दोन दवाखान्यांतली माहिती आपोआप एकमेकांकडे पोचेल असं गृहीत धरू नका. एका कागदावर औषधं, ॲलर्जी आणि कोणत्या औषधाने काय झालं हे लिहून पाकिटात ठेवा. एमएसची काही औषधं शिरेतून देताना आधी ॲलर्जीविरोधी औषध देतात, तिथे हा कागद फार उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट नाजूक आहे. एमएसचं कळलं की गावाहून काळजीपोटी गुळवेल, काढे, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णं येतात. पण इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या दिशेने चाललेली आहे. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, एमएसच्या काही औषधांनीही यकृतावर ताण येतो आणि त्यासाठी रक्ततपासण्या होत असतात. म्हणून आईने पाठवलेल्या डब्यातलं चूर्णही त्या कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आईचं मन मोडत नाही, आणि गोंधळही होत नाही.

मदतीचं म्हणाल तर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ‘आम्झेल’ ही एमएस रुग्णांची संघटना १९७४ पासून काम करते. गावोगावी तिचे संपर्क गट आहेत. जर्मन अडखळत असेल तर सोबत भाषा येणारं कुणी घेऊन जा. लहान मुलांना दुभाषी करू नका, आईबाबांच्या आजाराचं ओझं त्यांच्यावर पडतं. भारतात ‘मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया’ १९८५ पासून आहे, आणि मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. तिकडच्या नातेवाइकांना हा आजार समजावून सांगायचा असेल, तर तिथून सुरुवात करता येईल.

तर श्रोतेहो, शिंका आल्या तर परागकणांचं वेळापत्रक पाहा. जर्मन हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ते रोज मिळतं. एका डोळ्याने लाल रंग फिका दिसला तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. हा भाग कुणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर जरूर पुढे पाठवा.